नागपुरात कॉलेजच्या दोन वर्गखोल्या नव्याने मांडायच्या आहेत. बाकं काढून काय ठेवावं?

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका पदवी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर शेजारीशेजारी दोन वर्गखोल्या आहेत. प्रत्येक खोली ११ मीटर लांब, ६ मीटर रुंद, उंची ३.६ मीटर. वर थेट गच्ची. लांब भिंतीला पश्चिमेकडे खिडक्या, समोरच्या पूर्वेच्या भिंतीला दारं आणि बाहेर व्हरांडा. खाली कोटा फरशी. आत लोखंडी पायांची लांब बाकं, प्रत्येक खोलीत ६० मुलांची. खिडक्यांत दोन-दोन कूलर.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर गटप्रकल्प, क्षेत्रभेटीचे अहवाल, सादरीकरणं हे सगळं आमच्या अभ्यासक्रमातच आलं. बाकं मात्र फळ्याकडे तोंड करून आहेत तशीच. मागच्या महिन्यात मुलांनी कळमना बाजारातून संत्र्याचे भाव टिपून आणले. चौघांनी मिळून त्यांचा तक्ता करायचा, तर दोघं पुढच्या बाकावर उलटे फिरून बसले आणि कागद मांडीवर. असं किती वेळ बसणार? दहा मिनिटांत काम एकाच्या हातात गेलं आणि बाकीचे तिघं मोबाइलवर.

संस्थेने या दोन खोल्यांसाठी पैसे मंजूर केले आहेत. एक पुरवठादार कॅटलॉग घेऊन आला होता. त्याचं म्हणणं असं: मधली भिंत पाडा, तिथे सरकता पडदा लावा, खाली गालिचा टाका, चाकं आणि लिहायची पाटी असलेल्या रंगीत खुर्च्या घ्या, गोल टेबलं घ्या. चित्रं फार सुंदर होती. पण त्या चित्रांत कूलर कुठेच दिसला नाही, आणि एकेका चित्रात वीसच मुलं होती.

मला खरी तळमळ आणखी एका गोष्टीची आहे. सावनेर, उमरेड, काटोल, रामटेक इथून एसटीचा पास काढून येणारी मुलं आमच्याकडे पुष्कळ आहेत. दोन तासिकांमध्ये मोकळा वेळ असतो तेव्हा ती जिन्यात बसतात. वाचनालयात बोलायला मनाई आणि वर्गांना कुलूप. या खोल्या त्यांच्याही व्हाव्यात असं मला वाटतं.

तर भिंत पाडावी का? टेबल गोल की चौकोनी? आणि उन्हाळ्याचं काय? ज्यांनी असं काम केलं आहे किंवा अशा खोलीत बसून शिकले आहेत, त्यांनी कृपया लिहावं.

ओळंबा

मी वास्तुविशारद आहे. विदर्भातल्या शाळा-कॉलेजांच्या इमारतींवर बरीच वर्षं काम करतोय. तुम्ही मापं दिलीत हे फार चांगलं केलंत. त्यामुळे मोघम बोलायची गरज उरली नाही. लांब लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिली गोष्ट संख्येची. तुमची खोली ६६ चौरस मीटर. पदवी वर्गासाठी एआयसीटीईनेही, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही, हाच आकडा धरलेला आहे. ६० मुलं म्हणजे माणशी १.१ चौरस मीटर. एवढ्यात फक्त बाकंच मावतात. टेबलं फिरवायची, खुर्ची मागे सरकवून उठायचं, शिक्षकाने प्रत्येक गटापाशी पोचायचं, तर माणशी सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास लागतात, फार काटकसर केली तर दोन. म्हणजे एका खोलीत ३० ते ३२ मुलं. हा आकडा संस्थेला आजच सांगा. पुष्कळ ठिकाणी हा आकडा दडवून फर्निचर घेतलं जातं, मग ६० मुलं कोंबली जातात आणि सहा महिन्यांत टेबलं गच्चीवर जातात. तुमच्याकडे दोन खोल्या आहेत. ६० चा वर्ग दोन तुकड्यांत बसवा: एक तुकडी शिक्षकासोबत, दुसरी पलीकडच्या खोलीत प्रकल्पावर, मग अदलाबदल. वेळापत्रक करणाऱ्याशी बोलल्याशिवाय या खोलीची रचना होणारच नाही.

भिंत. पाडू नका. ती नऊ इंची विटांची असणार आणि जुन्या इमारतीत तिच्यावर वरच्या स्लॅबचा भार असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते. तेवढा आवाज अडवणारा सरकता पडदा मिळतो, पण तो जड असतो, त्याला वर स्वतंत्र तुळई लागते, आणि खालची-वरची फट रबराने नीट बंद होईल असं काम करावं लागतं. स्वस्तातला पडदा लावलात तर पलीकडचा शब्द न शब्द इकडे ऐकू येईल. दोन खोल्या जोडायच्याच असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून भिंतीत एक रुंद दार काढा. तुकड्यांच्या अदलाबदलीला तेवढं पुरतं.

आता उन्हाळा. हवा कशी वाहते ते आधी कागदावर काढा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ढकलतो. ती हवा समोरून बाहेर पडली तरच गारवा राहतो, नाहीतर अर्ध्या तासात खोली दमट होते. तुमच्याकडे हवा पश्चिमेच्या खिडकीतून आत येते आणि पूर्वेच्या दारातून व्हरांड्यात जाते. म्हणून खोलीत जो काही आडोसा ठेवाल, उंच फळा असो की कपाट, तो याच दिशेने उभा राहिला पाहिजे, खिडकीकडून दाराकडे. खिडक्यांच्या भिंतीला समांतर उभा केलात तर दाराकडचा अर्धा वर्ग एप्रिलमध्ये भाजून निघेल. कॅटलॉगमधली लवचिक मांडणी आपल्याकडे फसते ती इथे. त्या चित्रांतल्या खोल्या वातानुकूलित असतात, तिथे आडोसा कुठेही चालतो. दाराच्या वर झडपा नसतील तर करून घ्या. आवाजासाठी दार लोटून घेतलं तरी हवेला वाट राहील.

फर्निचरच्या आधी गच्ची. वर उघडी स्लॅब असेल तर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी किंवा निदान पांढरा उष्णतारोधक लेप. पश्चिमेच्या खिडक्यांना आतून पडदे लावून उपयोग नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं. बांबूच्या चिका बाहेरून लावा. कूलरलाही सावली मिळेल.

पुढचा मुद्दा आवाजाचा, आणि याच्याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं एक नवं व्याख्यानगृह होतं, तिथे बोललेलं काही समजायचंच नाही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणून व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असं चालवलं. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद घुमत होता. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही आम्ही वापरतो: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र.

तुमच्या खोलीचं घनफळ सुमारे २३८ घनमीटर. कोटा फरशी, गिलावा, स्लॅब हे सगळं मिळून जेमतेम ६ चौरस मीटरइतकं शोषण करतं. बाकी शोषण मुलांची शरीरं आणि कपडे करतात, माणशी साधारण ०.४ चौरस मीटर. साठ मुलं बसलेली असताना आवाज सव्वा सेकंद घुमतो. आता तुम्ही मुलं तीस केलीत, तर तो दोन सेकंदांच्या पुढे जातो! शिवाय पूर्वी एकट्या तुम्ही बोलत होतात, आता आठ गट एकदम बोलणार. पहिल्या आठवड्यातच सगळे म्हणतील की गटकाम म्हणजे नुसता गोंगाट, आणि दोष मुलांवर येईल.

उपाय महाग नाही. कूलरच्या ताटीत भरतात ते वुडवूल सिमेंटमध्ये दाबून केलेले बोर्ड मिळतात. छताला लाकडी पट्ट्या ठोकून, मधल्या पोकळीत रॉकवूल भरून, त्यावर २५ मिलिमीटरचे बोर्ड बसवा. शोषण ०.७ च्या आसपास, म्हणजे आदळलेल्या आवाजापैकी सत्तर टक्के, धरलं तर पूर्ण छताने ४६ चौरस मीटर शोषण वाढतं आणि तीस मुलांच्या वर्गात घुमण्याचा काळ ०.६ सेकंदावर येतो. वर्गासाठी हेच हवं. पंख्यांचे हूक तसेच राहतात. गच्चीच्या उष्णतेलाही हा थर थोडा अडवतो. गालिचा नको. आपल्याकडची धूळ आणि कूलरचा ओलावा एकत्र आला की दुसऱ्या पावसाळ्यात त्याला वास येतो.

गोल टेबलं. ही कल्पना नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट बाइश्नर यांच्या ‘स्केल-अप’ वर्गांमुळे पसरली. तिथे ७ फूट व्यासाचं टेबल, त्याभोवती नऊ विद्यार्थी, तिघांचे तीन गट. एमआयटीने भौतिकशास्त्रासाठी तशीच मोठी खोली केली, १३ टेबलं आणि प्रत्येकाला नऊ जण. शिकवण्याची पद्धत उत्तम आहे आणि तिच्यातलं घ्यावं असं खूप आहे, विशेषतः चारही भिंतींवर फळे. पण ७ फुटी टेबल तुमच्या ६ मीटर रुंदीत दोन ओळींत मावत नाही. खुर्च्या धरून साडेसहा मीटरच्या वर जातं. एकच ओळ, तीन टेबलं, २७ मुलं, आणि ती टेबलं कधी हलायची नाहीत. मोठं गोल टेबल बाकाइतकंच हट्टी असतं.

तुमच्यासाठी १२०० बाय ६०० मिलिमीटरची साधी चौकोनी टेबलं, एका खोलीत १६. दोन जोडली की चौघांचा चौरस. असे आठ चौरस, चार-चारच्या दोन ओळी, बरोबर बसतात. तीन जोडली की सहा जण. सगळी भिंतीला लावली की मधली जागा मोकळी, वादविवाद किंवा नाटुकलं करायला. परीक्षेला एकेकटी. मी एक कसोटी लावतो: तासिका संपल्याच्या घंटेपासून पुढची सुरू होईपर्यंत, शिपायाला न बोलावता, मुलांना एका मांडणीतून दुसरीत जाता आलं पाहिजे. जे फर्निचर या कसोटीला उतरत नाही ते कितीही सुंदर असलं तरी महिन्याभरात एका जागी स्थिर होतं.

एक शेवटचं. पहिल्या मजल्यावर लिफ्ट आहे का? चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी आज तुमच्याकडे नसेलही, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर हा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. तळमजल्यावरची एखादी खोली अदलाबदलीत मिळत असेल तर आधी ती मागा. गच्चीच्या उष्णतेपासूनही सुटाल.

उमरेड_पास

मॅडम, मी तुमच्या कॉलेजची नाही, पण जिन्यात बसणाऱ्यांपैकीच आहे. बी.कॉम.ला आहे, शेवटचं वर्ष. आमच्याकडे एका खोलीत पाटीच्या खुर्च्या आणल्या आहेत म्हणून लिहिते.

कृपया त्या घेऊ नका. त्या पाटीवर एक वही राहते, फक्त एक. लेजरचा कागद राहत नाही, लॅपटॉप ठेवला की पेन ठेवायला जागा नाही. पाटी उजव्या हाताला असते, माझी मैत्रीण डावखुरी आहे, ती पूर्ण पेपर कंबर वाकडी करून लिहिते. चौघी जणी तोंडं एकमेकींकडे करून बसलो तरी मधे काहीच नसतं, कागद ठेवायला आपला असा मधला भाग पाहिजे ना. टेबल असलं की काम सगळ्यांचं वाटतं.

दुसरं म्हणजे पिशव्या. आमच्यासारख्यांची बॅग मोठी असते, डबा, पाण्याची बाटली, छत्री, सगळं घेऊन सकाळी निघालेलो असतो. बॅगा खाली ठेवल्या की चालायला जागा राहत नाही आणि कूलरचं पाणी सांडलं की त्या भिजतात. टेबलाला बाजूने एक हूक असला तरी पुरे. चार्जिंगचंही तसंच. आमच्याकडे फळ्याजवळ दोन सॉकेट आहेत, त्याच्यासाठी भांडणं होतात.

आणि कुलूप. मॅडम, खोली कितीही छान करा, ती चार वाजता बंद होणार असेल तर आम्ही जिन्यातच. शहरात अभ्यासिका भरपूर आहेत, महिन्याचे पैसे भरा आणि प्लायवूडच्या कप्प्यात बसा. स्पर्धा परीक्षेवाल्यांना ते ठीक. पण तिथे श्वासाचा आवाज झाला तरी लोक पाहतात. आम्हाला एकमेकींना समजावून सांगायचं असतं. कॉस्टिंगचं गणित मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय कळतच नाही. बोललं तर चालेल अशी एकही जागा मला या शहरात फुकट मिळालेली नाही, बागेतला बाक सोडला तर, आणि मे महिन्यात तिथे कोण बसेल? मोकळ्या तासाला ती खोली उघडी राहील एवढं करा. जबाबदारी आमच्यावर टाका, आम्ही वहीत सही करून किल्ली घेऊ.

मुलींसाठी अजून एक. काही टेबलं अशी असू द्या की पाठ भिंतीला लागेल. मधोमध, चारी बाजूंनी दिसेल असं बसायला सगळ्यांना नाही आवडत.

संत्राबर्फी

उमरेड_पास, किल्लीचं मी प्राचार्यांकडे उद्याच मांडते. वहीत सही ही सूचना त्यांनाही पटेल असं वाटतं.

ओळंबा, तुमचा प्रतिसाद मी छापून काढला आहे. तीस मुलांमुळे आवाज वाढेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. लिफ्ट नाही. तळमजल्यावर आमची जुनी चित्रकलेची खोली आहे, सध्या तिथे मोडकी बाकं आणि जुन्या उत्तरपत्रिका आहेत. एका खोलीऐवजी ती मागून पाहते. दोन प्रश्न राहिले. सॉकेट मधल्या टेबलांपर्यंत कशी न्यायची? आणि टेबलांना चाकं हवीत की नकोत?

लकडगंजवाला

चाकांचं मी सांगतो मॅडम. आमचं लकडगंजात फर्निचरचं काम आहे, वडिलांपासून. शाळा-कॉलेजचं काम नेहमीच करून राहिलो.

चारही पायांना चाकं लावू नका. कोटा फरशीला पॉलिश असते, टेबल लिहिता लिहिता सरकते. मग ब्रेकवाली चाकं घेतात. ब्रेक पोरं पायाने दाबून दाबून तोडून टाकतात, एक चाक जाम झालं की टेबल जागचं हलत नाही. फक्त एका बाजूच्या दोन पायांना चाकं लावायची, आडवी, जमिनीपासून थोडीशी वर. टेबल सरळ उभं असलं की चाक टेकत नाही, पायच टेकतात. दुसरी बाजू उचलली की चाकं टेकतात आणि टेबल हातगाडीसारखं ओढत न्यायचं. एक मुलगी एकटी नेऊ शकते. चाक नायलॉनचं कडक नको, पीयूचं घ्या, आवाज कमी आणि फरशीच्या सांध्यात अडकत नाही.

सांगाडा २५ बाय २५ च्या चौकोनी लोखंडी पाइपचा, पावडर कोटिंग करून. खाली रबरी बूट येतात ते पाइपच्या धारेने कापले जातात, दोन-तीन महिन्यांत पाइप फरशीला लागते आणि सगळ्या इमारतीत करकर ऐकू येते. बुटाच्या आत लोखंडी वायसर टाकून मागा. दोन रुपयाची गोष्ट आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी टाकत नाही.

वरची फळी पार्टिकल बोर्डची अजिबात घेऊ नका. कॅटलॉगमधल्या रंगीत टेबलांत बहुतेक तेच राहते. कूलरचे थेंब उडतात, कडेने पाणी जाते, बोर्ड फुगून जाते आणि मग स्क्रू धरत नाही. १८ मिलिमीटर प्लाय घ्या, पाण्याला टिकणारा, वर सनमायका, कडेला २ मिलिमीटरची पट्टी. खालच्या बाजूनेही पातळ सनमायका लावायला सांगा, नाहीतर प्लाय वाकते. कोपरे गोल करा. उंची ७५० मिलिमीटर धरतात, मी ७३५ करतो, आपल्याकडच्या मुलींना ते बरोबर बसते. समोरून आडवी पट्टी देऊ नका, पाय अडकतात आणि चाकाची खुर्ची आत जात नाही. बॅगेचा हूक बाजूच्या पाइपला वेल्डिंग करून देता येतो, त्या ताईने बरोबर सांगितलं. असं टेबल पंधरा किलोच्या आसपास भरते.

खुर्च्या बिनाचाकाच्या, एकावर एक रचता येतील अशा. चाकाच्या खुर्चीवर पोरं खेळतात आणि तिचा गॅस गेला की ती भंगारात जाते.

ओळंबा

एका बाजूच्या चाकांची सूचना अगदी नेमकी आहे. माझ्या नकाशांत मी तीच टाकतो.

सॉकेटबद्दल. जमिनीतले झाकणाचे डबे टाळा. फरशी पुसताना त्यांत पाणी जातं. तिन्ही भिंतींवर टेबलाच्या थोडं वर, दर दीड-दोन मीटरवर एक जोडी द्या. हिशेब असा धरा: ३२ लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॉट, म्हणजे २ किलोवॉटच्या थोडं वर, सुमारे ९ अँपिअर. १६ अँपिअरची एक तार पुरते, पण दोन घ्या, म्हणजे एक बंद पडली तरी अर्धा वर्ग चालू राहील. कूलरची तार पूर्ण वेगळी. सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, हवंच हवं. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि लॅपटॉपच्या तारा एका खोलीत असताना याला पर्याय नाही, आणि दर उन्हाळ्याआधी अर्थिंग तपासून घ्या.

मधल्या टेबलांना वीज देऊ नका. सगळ्यांना एकाच वेळी चार्जिंग लागत नाही. व्हरांड्याकडच्या भिंतीला एक लांब, उभ्याने काम करण्याइतक्या उंचीची फळी लावा, १०५० मिलिमीटर. तिथे लॅपटॉप चार्ज होतील, मोकळ्या तासाला दोघंतिघं उभ्याने काम करतील, आणि पाठ भिंतीला लावून बसायच्या जागा खिडकीकडच्या बाजूला मिळतील.

ग्रंथपाल_वर्धा

थोडं वेगळं लिहितो. मी वर्ध्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून गांधीजींची हाताने काम करत शिकण्याची नई तालीम पुढे आली, त्या मातीतला असल्यामुळे असेल, पण मला टेबलापेक्षा आधी जमीन आठवते. कोटा फरशी उन्हाळ्यात गार असते. एका कोपऱ्यात सतरंज्या आणि उतरती लिहिण्याची डेस्कं ठेवली तर मोठे तक्ते, नकाशे, भित्तिपत्रकं पसरून करता येतात. टेबलावर ते कधीच नीट होत नाही. ज्यांना खाली बसणं जमत नाही त्यांनी खुर्चीवर बसावं, सक्ती नको.

दुसरं, मांडणी परत जागेवर कोण ठेवणार हे ठरवून ठेवा. आमच्या वाचनकक्षात टेबलं हलवता यायची, पण दिवसाअखेर सगळा भार शिपाईमामांवर यायचा आणि त्यांनी शेवटी टेबलं हलवायला बंदीच केली. त्यांचं काही चुकलं नाही. फरशीवर प्रत्येक टेबलाच्या मूळ जागेचे कोपरे रंगाने आखून घ्या आणि दाराशी तीन मांडण्यांची चित्रं लावा. शेवटच्या तासिकेच्या गटाने टेबलं खुणेवर आणून ठेवायची. शिपाईमामांना पहिल्या बैठकीपासून बोलवा, त्यांच्याइतकी ती खोली कुणाला माहीत नसते.

संत्राबर्फी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज प्राचार्यांशी बोलणं झालं. भिंत पाडायची नाही हे ठरलं, त्यातून वाचणारे पैसे गच्ची आणि छताच्या बोर्डांवर जातील. चित्रकलेची खोली रिकामी करून द्यायला ते तयार आहेत, म्हणजे एक खोली खाली आणि एक वर. अदलाबदलीत मुलांना जिना चढावा लागेल, म्हणून दोन्ही तुकड्या त्याच तासाला बदलण्याऐवजी एक दिवसाआड बदलू. वरच्या खोलीतलं काहीही असं ठेवणार नाही जे खाली मिळत नाही. किल्लीच्या वहीला त्यांनी संध्याकाळी ६ पर्यंत परवानगी दिली. उमरेड_पास, हे तुमच्यामुळे झालं.

गालिचा आणि पाटीच्या खुर्च्या रद्द. सतरंज्या वाचनालयातून मिळतील.

लकडगंजवाला, सगळीच्या सगळी टेबलं एकदम करण्याआधी एक नमुना करून मिळेल का? मला तो वर्गात ठेवून मुलांना ओढायला लावायचा आहे.

लकडगंजवाला

हाव मॅडम, नमुन्याशिवाय मी ऑर्डर घेतच नाही. दोन टेबलं करतो, एकाने जोड कशी बसते ते कळत नाही. तुम्ही येताना दोन-तीन पोरं सोबत आणा, एक बुटकी मुलगी आणि एक उंच मुलगा पाहिजेच, त्यांना बसवून उंची पक्की करू. आणि वर नेणार असाल तर जिन्याच्या वळणाचं माप घेऊन या, १२०० चं टेबल वळणावर उभं करावं लागते का ते आत्ताच पाहून घेऊ.